कर्ण, पांडुरंग आणि एकनाथ: आतून मोडलेला हिरो आपल्याला इतका जवळचा का वाटतो?

इन्स्टाग्राम उघडा आणि पाच मिनिटं नुसती रील्स सरकवत बसा. कर्णाचं एखादं तरी रील समोर येणारच. रथाचं चाक जमिनीत रुतलंय, मागे संथ म्युझिक वाजतंय आणि खाली कॅप्शन आहे, जगाने नाकारलं तरी दोस्ती निभावली, अशा अर्थाचं. युद्ध जिंकला अर्जुन, पण स्टेटसला कर्ण.

बरं, कर्ण एकटाच नाही. २०१९ ला 'कबीर सिंग' आला. प्रेमात मोडलेला, दारू पिऊन ऑपरेशनला उभा राहणारा सर्जन. २०२३ च्या डिसेंबरमध्ये 'अ‍ॅनिमल' आला. बापाच्या प्रेमाला आसुसलेला आणि त्यापायी रक्ताचा सडा घालणारा मुलगा. दोन्ही वेळी सोशल मीडियावर सरळ दोन तट पडले. एक तट म्हणाला, त्याचं दुःख समजून घ्या. दुसरा म्हणाला, दुःख आहे म्हणून काय वाट्टेल ते करायचं का?

हे भांडण आजचं वाटतं, पण मराठी वाचक ते गेली साठ-पासष्ट वर्षं घालतोय. ययाति, पांडुरंग सांगवीकर, कर्ण, लीला बेणारे, एकनाथ अशी ही रांग आहे. या रांगेकडे नीट बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. मोडलेल्या माणसावर वाचक माया करणार की त्याला फाडून खाणार, हे त्याची चूक किती मोठी आहे यावर फारसं ठरत नाही. ते ठरतं लेखकाने आधी काय दाखवलं यावर. जखम आधी की चूक आधी?

विषय सविस्तर बघू. सुरुवात जालना जिल्ह्यातून.

जांब समर्थचा नारायण

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ नावाचं गाव आहे. १६०८ साली या गावात सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. हेच पुढचे समर्थ रामदास. वडील लहानपणीच गेले. परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट अशी की, बारा वर्षांचा असताना लग्नाच्या बोहल्यावर 'सावधान' हा शब्द ऐकला आणि पोरगा मांडवातून पळाला. पुढे नाशिकजवळच्या टाकळीला त्याने बारा वर्षं काढली.

रामदास म्हटलं की आपल्याला बलोपासना, मारुतीची मंदिरं आणि खणखणीत उपदेश आठवतो. पण त्यांची 'करुणाष्टकं' वेगळी आहेत. त्यात बोलणारा माणूस कुणाला उपदेश करत नाही. तो आतून पोळलेला आहे. मन ताब्यात राहत नाही म्हणतो, आयुष्य वाया गेलं म्हणतो, आपलं असं कुणी उरलं नाही म्हणतो. जखम आणि चूक, दोन्ही एकाच श्वासात कबूल करतो.

आता गंमत बघा. ही करुणाष्टकं कित्येक घरांमध्ये दिवेलागणीला म्हटली गेली, आजही जातात. ती म्हणताना 'मी' हा शब्द रामदासांचा राहत नाही. तो म्हणणाऱ्याचा होतो. घरातली आजी, परीक्षेत नापास झालेला नातू, कर्जात अडकलेला बाप, प्रत्येकजण त्या 'मी'मध्ये आपापलं दुःख घालून मोकळा होतो.

मोडलेल्या माणसाच्या लिखाणाची सगळी ताकद या एका शब्दात आहे. 'तो दुःखी होता' असं लिहिलं की आपण बघे असतो. 'मी दुःखी आहे' असं वाचलं की नकळत आपणच ते बोलत असतो. मराठी कादंबरीने हे हत्यार पुढे जोरात वापरलं.

ययाति: दुःख सांगणारा राजा, किंमत मोजणाऱ्या दोघी

१९५९ साली वि. स. खांडेकरांची 'ययाति' आली. याच कादंबरीचं नाव पुढे १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराशी जोडलं गेलं आणि मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं.

महाभारतातला ययाति म्हणजे स्वतःचं म्हातारपण पोराच्या गळ्यात घालून त्याचं तारुण्य घेणारा राजा. चूक एवढी मोठी की सहानुभूतीला जागाच नाही. खांडेकरांनी काय केलं? त्यांनी ययातिला 'मी' म्हणून बोलायला लावलं आणि सुरुवात बालपणापासून केली. थोरला भाऊ यती घर सोडून गेलेला, घराण्यावर शाप आहे ही कुजबुज आणि मनात मरणाची भीती. त्याच्या चुका सुरू व्हायच्या आधी वाचकाला त्याची भीती माहीत झालेली असते.

पण खांडेकर तिथे थांबले नाहीत. त्यांनी देवयानीला आणि शर्मिष्ठेलाही 'मी' म्हणून बोलायला दिलं. त्यामुळे ययातिच्या दुःखात वाचक बुडतोय असं वाटेपर्यंत दुसरी बाजू समोर येते. या माणसाच्या पोकळीची किंमत घरातलं कोण मोजतंय, हे दिसतं. म्हणून 'ययाति' वाचून कुणी सहसा 'मला ययाति व्हायचंय' म्हणत नाही. तो कळतो, पण सुटत नाही.

पांडुरंग सांगवीकर: हसत हसत सांगितलेली जखम

चार वर्षांनी, १९६३ ला, पंचविशीतल्या भालचंद्र नेमाडेंची 'कोसला' आली आणि सगळा मामला बदलला.

पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातल्या खेड्यातला खातापिता पोरगा. वडिलांशी पटत नाही. पुण्याला कॉलेजात येतो, होस्टेलवर राहतो, नको त्या भानगडी अंगावर घेतो, वडिलांचे पैसे उडवतो, अभ्यासाचा बट्ट्याबोळ करतो आणि गावाला परततो. मधल्या काळात धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. बस, एवढीच गोष्ट.

यात ना राजा आहे ना शाप. आणि पांडुरंग रडतही नाही. तो टिंगल करतो. स्वतःची, मास्तरांची, मित्रांची, सगळ्यांचीच. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन साधे शब्द त्याने असे वापरले की पुढच्या कित्येक पिढ्यांची होस्टेलवरची पोरं तशीच बोलायला आणि लिहायला लागली. वाचकाने हिरोचे कपडे घेतले नाहीत, बोलणं घेतलं.

असं का झालं असेल? कारण गावाहून शहरात शिकायला आलेला पोरगा आपलं दुःख असंच सांगतो. सरळ सांगायची सोय नसते. घरी फोन केला की 'सगळं ठीक आहे' म्हणायचं असतं. मेसचं बिल थकलंय, पेपर अवघड गेला, इथे आपल्याला कुणी ओळखत नाही, हे कुणाला सांगणार? मग त्याचा विनोद करायचा. पांडुरंगाचा विनोद वाचताना त्या पोराला आतली गोष्ट बरोबर ऐकू येते. मनीच्या मृत्यूच्या पानांवर हा विनोद बंद पडतो, तेव्हा इतका वेळ हा माणूस का हसत होता ते वाचकाला कळतं.

'कोसला' म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोष. हा शब्द जालन्याला चांगला समजतो, कारण जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी-विक्री होते आणि आसपासचे शेतकरी तुती लावून कोष पिकवतात. कोष पिकवणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. आतला जीव कोष फोडून बाहेर आला की धागा तुटतो. अखंड धागा हवा असेल तर त्याआधीच कोष उष्णता देऊन वाळवावा लागतो. म्हणजे रेशीम मिळतं ते बाहेर न पडलेल्या किड्याचं.

नेमाडेंनी नाव ठेवताना काय मनात धरलं होतं ते बाजूला ठेवू. पण वाचकाने जपायची गोष्ट इथेच आहे. कोषाचा धागा कितीही सुंदर असला तरी तो आत अडकलेल्याच्या जिवावर उठलेला असतो. पांडुरंग आवडणं वेगळं आणि पांडुरंगासारखं अडकून राहणं म्हणजे काहीतरी ग्रेट आहे असं वाटणं वेगळं. 'कोसला' नकारात्मक आहे असं म्हणणारे आणि 'कोसला' ही माझीच गोष्ट आहे असं म्हणणारे या मुद्द्यावरून आजही भांडतात.

१९६७: एक वर्ष, तीन जखमा

आता येऊ १९६७ वर. हे वर्ष या विषयासाठी भन्नाट आहे.

या वर्षी शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली. आज रील्समध्ये जो कर्ण दिसतो, त्याच्या मराठी रूपावर या कादंबरीची मोठी छाप आहे. इथेही तीच युक्ती. कर्ण 'मी' म्हणून बोलतो आणि गोष्ट सुरू होते चंपानगरीतल्या त्याच्या लहानपणापासून. सूतपुत्र म्हणून होणारा अपमान आपण त्याच्या शेजारी बसून सोसतो. भर द्यूतसभेपर्यंत पोचेस्तोवर आपण त्याचे वकील झालेले असतो. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही यात बोलतात, पण बहुतेक सगळे कर्णाकडेच बघत असतात.

त्याच वर्षी इरावती कर्वेंचं 'युगान्त' आलं. त्याला पुढच्या वर्षी, १९६८ ला, साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी महाभारतातल्या माणसांकडे बाहेरून बघितलं. आपण नेमके कोण, हा प्रश्न कर्णाला आयुष्यभर छळत राहिला, हे त्या नाकारत नाहीत. पण त्या प्रश्नाआड त्याच्या चुकाही लपू देत नाहीत. भर सभेत द्रौपदीची वस्त्रं उतरवायला सांगणारा कर्णच होता, हे महाभारतात लिहिलेलं आहे. अभिमन्यूला घेरणाऱ्यांतही तो होता.

माणूस तोच, वर्ष तेच. एका पुस्तकात जखम आधी आली, दुसऱ्यात माणसाचा पूर्ण हिशेब मांडला गेला. पहिलं वाचून डोळे भरतात, दुसरं वाचून मान खाली जाते. खरं तर दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ एक वाचायला हवीत. रील्स मात्र फक्त पहिल्या कर्णाचीच बनतात.

तिसरी जखम याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबरमध्ये, मुंबईच्या रंगमंचावर आली. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे.

हौशी नाटक कंपनीतली मंडळी वेळ घालवायला खोटा खटला चालवतात. आरोपी म्हणून शाळेत शिकवणारी, हसरी, फटकळ बेणारे निवडली जाते. बघता बघता खेळ खरा होतो. ती लग्नाशिवाय गरोदर आहे, हे उघडं पाडलं जातं. लहान वयात सख्ख्या मामाने तिचं काय केलं, तेही आरोप म्हणूनच पुढे येतं. तिची बाजू येते एकदम शेवटी, लांबलचक स्वगतात. आणि तेही ऐकायला कोर्टातलं कुणी तयार नसतं.

क्रम लक्षात घ्या. कर्णाची जखम पहिल्या पानांवर आणि चूक नंतर. बेणारेचा 'गुन्हा' आधी आणि जखम शेवटी. तेंडुलकरांनी हे मुद्दाम केलं. कारण समाज बाईच्या बाबतीत हाच क्रम लावतो. मोडलेला पुरुष दारू प्यायला तर 'बिचाऱ्याला कुणी समजून घेतलं नाही'. मोडलेली बाई मोठ्याने हसली तरी 'हिचं काहीतरी आहे'. प्रेक्षागृहात बसलेला माणूस पहिल्या अंकात त्या मंडळींसोबत हसतो आणि शेवटी त्याला स्वतःचीच लाज वाटते. तो धक्का हीच या नाटकाची कमाई आहे.

एकनाथ: जालन्याच्या शेजारचा, आपल्या गल्लीतला

आतापर्यंतच्या सगळ्या जखमा घरातल्या किंवा मनातल्या होत्या. पण जखम हवामानाची, बाजारभावाची आणि व्यवस्थेची असली तर?

जालन्याहून देऊळगाव राजाच्या रस्त्याने निघालं की थोड्याच वेळात बुलढाणा जिल्हा लागतो. हाच रस्ता पुढे चिखलीकडे जातो. चिखली तालुक्यातलं अमडापूर हे लेखक सदानंद देशमुखांचं गाव. त्यांची 'बारोमास' ही कादंबरी २००२ ला आली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार घेऊन गेली.

कादंबरीचा हिरो एकनाथ. शेतकऱ्याचा पोरगा, एम.ए., बी.एड. झालेला. मास्तर व्हायचंय, पण नोकरीसाठी द्यायला पैसे नाहीत. शेती करावी तर पाऊस दगा देतो आणि भाव हात देत नाहीत. नोकरीवाल्या नवऱ्याचं स्वप्न बघून आलेली बायको अलका या घरात रमत नाही. धाकट्या भावाच्या डोक्यात झटपट पैशाचे मार्ग घोळतात. ना धड शेतकरी, ना धड नोकरदार, असा हा माणूस बारा महिने आतल्या आत झिजत राहतो.

ही गोष्ट जालन्याच्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. भोकरदन, जाफराबाद, मंठा, परतूर, कुठल्याही तालुक्यात जा. कापूस-सोयाबीनचं रान, दोन पदव्या, संभाजीनगर किंवा पुण्यात स्पर्धा परीक्षेची काही वर्षं आणि मग गावाकडे परत, असा पोरगा प्रत्येकाच्या ओळखीत आहे. काहींच्या घरात आहे.

एकनाथ आणि कर्ण यांच्यात एक मोठा फरक आहे. कर्णाच्या दुःखाला तेज आहे. कवचकुंडलं आहेत, सूर्य बाप आहे, मरणही रणांगणावरचं आहे. एकनाथच्या दुःखाला काहीच चमक नाही. बँकेच्या चकरा आहेत, सासरच्यांचे टोमणे आहेत, आभाळाकडे बघणं आहे. म्हणून एकनाथचं रील बनत नाही. त्याला स्टेटसला कुणी ठेवत नाही, कारण तो दूरचा हिरो नाही. तो आपणच आहोत, आणि स्वतःकडे इतक्या जवळून बघायला धाडस लागतं.

'बारोमास'मध्ये देशमुखांनी आणखी एक काम केलं. अलकाला खलनायिका केलं नाही. नवऱ्याची जखम दाखवताना बायकोचीही फसगत झालीय, हे त्यांनी वाचकाला दिसू दिलं. कुणा एकाला दोषी ठरवून वाचक मोकळा होत नाही.

आणि इथेच धोका सुरू होतो

मोडलेल्या हिरोचा वाचकावर किती परिणाम होतो, याचा जगातला सगळ्यात गाजलेला किस्सा जर्मनीतला आहे. १७७४ साली ग्योथे या तरुण लेखकाची छोटी कादंबरी आली. तिचा हिरो वेर्थर, एकतर्फी प्रेमात मोडलेला, शेवटी आयुष्य संपवणारा. पुस्तकाने युरोपात धुमाकूळ घातला. पोरं वेर्थरसारखा निळा कोट आणि पिवळी बंडी घालून फिरायला लागली. काहींनी त्याच्या शेवटाचंही अनुकरण केलं असं बोललं जाऊ लागलं, आणि १७७५ ला लाइपझिग शहराने पुस्तकावर आणि त्या पोशाखावरही बंदी घातली. नंतरच्या आवृत्तीत ग्योथेला वाचकासाठी इशारा द्यावा लागला की माझ्या मागून येऊ नकोस.

पुढे १९७४ ला डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आत्महत्येच्या गाजावाजा झालेल्या बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात का, याचा अभ्यास केला आणि त्या परिणामाला नाव दिलं 'वेर्थर इफेक्ट'.

पण याची दुसरी बाजूही सापडली. २०१० ला ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी 'पापागेनो इफेक्ट' मांडला. मोत्सार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेरातला पापागेनो जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुलं त्याला दुसरा मार्ग दाखवतात आणि तो थांबतो. संशोधकांना दिसलं ते असं की, संकटातून माणूस कसा सावरला हे सांगणारं लिखाण वाचणाऱ्याला सावरायला मदत करू शकतं.

म्हणजे मोडलेला माणूस लिहूच नये असं नाही. उलट लिहायलाच हवा. तो मोडला कसा एवढंच लिहायचं, की त्याला कुणी हात दिला, किंवा देऊ शकलं असतं, हेही लिहायचं, यावर बरंच काही अवलंबून आहे.

मराठवाड्यात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. शेतकरी आत्महत्येच्या बातम्या इथे नेहमीच्या झाल्यात. राज्याच्या आरोग्य विभागाचा 'प्रेरणा प्रकल्प' मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत यासाठीच सुरू झाला, त्यात जालनाही आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन विचारपूस करायची आणि कुणी खचलेलं दिसलं तर उपचारापर्यंत पोचवायचं, अशी त्याची कल्पना. म्हणजे कादंबरीकार जे पहिल्या प्रकरणात करतो, तेच काम आशाताईने उंबऱ्यात बसून करायचं. चूक व्हायच्या आधी जखम विचारायची.

लिहिणाऱ्यांसाठी चार गोष्टी

आजकाल मोबाईलवरच कथा लिहिणारे आणि वाचणारे भरपूर आहेत. त्यातला 'डार्क' हिरो हा हमखास चालणारा माल आहे. असा हिरो लिहिणार असाल तर वरच्या पुस्तकांतून एवढं तरी घेता येतं.

पहिली गोष्ट, जखम नेमकी लिहा. 'त्याचं बालपण वाईट होतं' याने काहीच होत नाही. घर सोडून गेलेला भाऊ, न दिलेले पैसे, मेलेली बहीण, असं बोट ठेवता येईल असं काहीतरी हवं. दुःख जितकं नेमकं, तितक्या जास्त लोकांना ते आपलं वाटतं.

दुसरी, त्याला सतत रडवू नका. पांडुरंग हसवतो म्हणून आत शिरतो. दुखावलेली माणसं विनोद करतात, चिडचिड करतात, गप्प बसतात, कामात डोकं खुपसतात. ढसाढसा रडणं फार क्वचित असतं.

तिसरी, किंमत मोजणाऱ्यालाही बोलू द्या. देवयानी आणि शर्मिष्ठा बोलतात म्हणून 'ययाति' टिकते. हिरोची जखम हीच प्रत्येक चुकीची पावती झाली, की वाचक एकतर भक्त होतो किंवा पुस्तक फेकून देतो.

चौथी, जखम म्हणजे दागिना नाही. कोट सुंदर दिसतो म्हणून वेर्थर होऊ नये. शेवट लिहिताना ही जबाबदारी लेखकाचीच असते.

वाचणाऱ्यांसाठी एकच

कादंबरीत जखम आधी कळते, म्हणून आपण कर्णाला माफ करतो. खऱ्या आयुष्यात क्रम उलटा असतो. तिथे चूक आधी दिसते. दोन वर्षं पुण्यात राहून परत आलेला चुलत भाऊ कुणाशी नीट बोलत नाही, हे आधी दिसतं. शेजारचे काका हल्ली पारावर येत नाहीत, पोरांवर खेकसतात, हे आधी दिसतं. ऑफिसातली एखादी जरा जास्तच मोठ्याने हसते, हे आधी दिसतं. आणि आपण लगेच खटला चालवून निकाल देऊन मोकळे होतो.

त्यांच्या आयुष्याचं पहिलं प्रकरण आपल्याला कुणी वाचायला दिलेलं नसतं. ते विचारावं लागतं. चहाच्या टपरीवर, बांधावर, फोनवर. "काय चाललंय?" एवढं विचारून थांबायचं नाही. "बरं चाललंय" या उत्तरानंतरही थोडा वेळ बसून राहायचं.

ऐकून घेणं आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं, किंवा स्वतःलाच खूप जड झालं असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

कर्णाचं रील शेअर करायला काहीच हरकत नाही. फक्त ते शेअर करताना एकदा कॉन्टॅक्ट लिस्टवरून नजर फिरवा. बरेच दिवस ज्याचा मेसेज आला नाही, अशा एकाला त्याच हाताने फोन लावा.